वायफाय जुळते, पण पत्ता मिळत नाही: स्थानिक नेटवर्कमधील आयपी पत्त्यांचे दोष शोधण्याची रीत

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरच्या नंदनवन भागातील एका अभ्यासिकेच्या चालकांचा फोन आला. "भाऊ, वायफाय जुळून राहिलं, पण नेट चालून नाही राहिलं. सकाळच्या पोरांचं चालते, दुपारच्यांचं नाही." तोपर्यंत त्यांनी राउटर चार वेळा बंद करून चालू केला होता, इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवली होती आणि नव्या राउटरसाठी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. प्रत्यक्षात राउटर धडधाकट होता आणि बाहेरून येणारी जोडणीही ठीक होती. चूक होती ती पत्ते वाटण्याच्या हिशेबात, आणि चालकांच्या दुसऱ्या वाक्यात ती जवळजवळ सांगून झाली होती: सकाळच्या पाळीने बहुतेक पत्ते घेतले होते आणि दुपारच्या पाळीला पुरतील इतके शिल्लक नव्हते.

नागपुरातील छोटी कार्यालये, दवाखाने, दुकाने आणि अभ्यासिका यांची नेटवर्क जोडून देण्याचे व ती चालती ठेवण्याचे काम मी करतो. या कामात सर्वाधिक वेळ वाया जातो तो दोष ओळखण्याआधीच केलेल्या दुरुस्त्यांमुळे. राउटर बंद-चालू केला की पुराव्याची यादी पुसली जाते, आणि संगणकावर हाताने पत्ता भरला की मूळ दोष झाकला जातो आणि पुढे दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर तो उगवतो. म्हणून या लेखातील पहिला आग्रह हा, की काहीही बदलण्यापूर्वी बिघडलेल्या उपकरणाने सध्या कोणता पत्ता धारण केला आहे ते वाचावे आणि कागदावर लिहून घ्यावे, कारण बहुतेक वेळा त्या पत्त्यातच दोषाचे नाव दडलेले असते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

पत्ता मिळतो कसा

नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणाला एक वेगळा आयपी पत्ता, म्हणजे निरोप पोहोचण्यासाठीचा आकड्यांचा पत्ता, लागतो आणि तो वाटण्याचे काम घरी किंवा छोट्या कार्यालयात बहुधा राउटरच करतो. या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिची आज वापरात असलेली रीत १९९७ साली आरएफसी २१३१ या दस्तऐवजात निश्चित झाली. नव्याने जोडलेले उपकरण आधी सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक देते, की येथे पत्ता देणारे कोणी आहे काय. राउटर एक पत्ता देऊ करतो. उपकरण तोच पत्ता आपल्याला हवा असल्याचे पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगते, आणि राउटर त्यावर मान्यतेचे उत्तर देतो. हे चारही निरोप यूडीपी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीच्या ६७ व ६८ क्रमांकांच्या पोर्टांवरून (हे सॉफ्टवेअरमधील क्रमांक, केबल लावायच्या खाचा नव्हेत) जातात आणि सगळे नीट असेल तर एक-दोन सेकंदांत संपतात.

या व्यवहारातील दोन गोष्टी पुढे वारंवार उपयोगी पडतात. पहिली अशी, की पहिली हाक सर्वांसाठी असते, त्यामुळे तिला उत्तर देणारा जो कोणी आधी बोलेल त्याचा पत्ता उपकरण बहुधा स्वीकारते. उत्तर देणारा खरा अधिकारी आहे की कोणीतरी चुकून जोडलेला दुसरा राउटर आहे, हे पडताळण्याची सोय उपकरणाकडे नसते. दुसरी अशी, की पत्ता मालकीचा नसतो, आपल्याकडच्या शब्दांत किरायाचा असतो. त्याला मुदत असते आणि तिला लीज म्हणतात. मुदत २४ तासांची असेल तर उपकरण १२ तासांनी, म्हणजे अर्धी मुदत संपताच, ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागते. उत्तर आले नाही तर २१ तासांनी, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत सरल्यावर, पुन्हा सर्वांना हाक देते. आणि तरीही कोणी उत्तर दिले नाही तर २४ तास पूर्ण होताच त्याला तो पत्ता सोडावा लागतो. सकाळपासून व्यवस्थित चाललेला संगणक काहीही न बदलता अचानक जोडणी गमावतो, त्यामागे अनेकदा आदल्या दिवशीच मुका झालेला राउटर असतो.

पहिली पायरी: दोष किती जणांना आहे

एकाच उपकरणाला त्रास आहे की सर्वांना, हे आधी विचारावे. एकालाच असेल तर दोष त्या उपकरणात, त्याच्या केबलमध्ये किंवा स्विचच्या (केबली एकत्र जोडणाऱ्या खोक्याच्या) त्या पोर्टमध्ये, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, शोधावा. केबलने जोडलेले सगळे ठीक आणि वायफायवरचे सगळे बंद असतील, तर वायफायच्या खोक्याकडे किंवा त्याच्या केबलकडे जावे. सगळेच बंद असतील तर राउटर किंवा मुख्य स्विच. आणि ज्यांचे चालू होते त्यांचे चालूच आहे, पण नव्याने येणाऱ्यांचेच बंद आहे असे आढळले, तर पत्ते संपल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज कडाडून गेल्यावर एखादा पोर्ट मरतो आणि बाकीचा स्विच सुरळीत चालतो, असेही घडते. त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून तिचा दिवा लागतो की नाही हे पाहणे दहा सेकंदांचे काम असले तरी टाळू नये.

दुसरी पायरी: पत्ता वाचणे

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल ही आज्ञा द्यावी. लिनक्सवर आयपी ए ही आज्ञा पत्ता व मास्क दाखवते आणि आयपी आर ही आज्ञा गेटवे दाखवते. फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावाला स्पर्श केल्यावर तपशील दिसतो. पाच गोष्टी उतरवून घ्याव्यात: आयपी पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग गट दाखवतो ते सांगणारे आकडे), डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचे दार, बहुधा राउटरचा पत्ता), डीएचसीपी सर्व्हरचा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचा, पत्ता आणि लीज मिळाल्याची व संपण्याची वेळ. मग त्याच ठिकाणी नीट चालणाऱ्या एका उपकरणावरूनही हेच पाच तपशील घ्यावेत आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. सगळे निदान या तुलनेवर उभे असते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ संगणकाने हाक दिली आणि त्याला उत्तर मिळाले नाही. उत्तर न मिळाल्यावर विंडोज, ॲपलचे मॅक संगणक आणि आयफोन या पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच घेतात. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो, हे लक्षात न आल्याने पुष्कळ लोक येथेच फसतात. पडद्यावर पत्ता दिसतो, म्हणून पत्ता मिळाला असे ते समजतात. अँड्रॉइड फोन मात्र असा पत्ता घेत नाही, तो पत्ता मिळवत असल्याचा संदेश दाखवत राहतो आणि शेवटी जोडणी सोडतो. विंडोज १६९.२५४ चा पत्ता घेतल्यानंतरही दर ५ मिनिटांनी खऱ्या पत्त्याचा शोध घेत असते, आणि म्हणूनच "थोड्या वेळाने आपोआप सुरू होते" ही तक्रार ऐकू येते.

पत्ता ०.०.०.० दिसत असेल तर उपकरण अजून मागणीच्याच टप्प्यावर आहे किंवा त्याने आपला पत्ता सोडून दिला आहे. पत्ता दिसतो आहे, पण चालणाऱ्या उपकरणापेक्षा वेगळ्या गटातला आहे, उदाहरणार्थ शेजारच्या संगणकावर १९२.१६८.१ चा पत्ता आणि येथे १९२.१६८.० चा, तर नेटवर्कमध्ये पत्ते देणारे दोघे आहेत. मात्र पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर गट मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, तो दोष समजू नये. पत्ता योग्य गटातला असून जोडणी मधूनमधून तुटते किंवा पत्त्याची टक्कर झाल्याचा इशारा येतो, तर एकच पत्ता दोघांकडे आहे. आणि पाचही तपशील चालणाऱ्या उपकरणाशी जुळत असतील, गेटवेला पिंग केल्यावर (पिंग म्हणजे समोरचा उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) उत्तर येत असेल आणि तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर पत्त्यांचा प्रश्न नाही. तो डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा) किंवा बाहेरच्या जोडणीचा प्रश्न आहे आणि पुढील पायऱ्यांवर वेळ घालवू नये.

तिसरी पायरी: उत्तर का आले नाही

१६९.२५४ दिसल्यावर आधी आयपीकॉन्फिग /रिलीज (पत्ता सोडणारी) आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू (नव्याने मागणारी) या आज्ञा एकदा देऊन पाहाव्यात. पत्ता आला तर वेळेचा तात्पुरता घोळ होता असे समजावे, पण तो कसला होता हे शोधणे बाकी आहे याची नोंद ठेवावी. पत्ता आला नाही तर पुढील चाचणी करावी. माझ्या मते या संपूर्ण विषयातील ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे, कारण ती वाट बिघडली आहे की वाटप बिघडले आहे, याचा एका फटक्यात निवाडा करते.

त्या संगणकावर तात्पुरता हाताने पत्ता भरावा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि तो १०० ते १९९ या क्रमांकांचे पत्ते वाटत असेल, तर त्या पट्ट्याबाहेरचा १९२.१६८.१.२५० हा पत्ता, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१ असे भरावे. २५० हा क्रमांक आधीच कोणाकडे नाही ना, हे चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावरून त्याला पिंग करून आणि लगेच एआरपी -ए ही (संगणकाला माहीत असलेल्या आयपी पत्त्यांसमोर त्यांचे मॅक पत्ते दाखवणारी) आज्ञा देऊन तपासावे. नुसत्या पिंगवर विसंबू नये, कारण विंडोजची फायरवॉल (बाहेरचे निरोप अडवणारी सुरक्षा) पिंगला उत्तर देणे अनेकदा रोखते. एआरपीच्या यादीत मात्र त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्कच्या भागाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, उमटला तर तेथे कोणीतरी नक्की आहे. पत्ता भरून झाल्यावर गेटवेला पिंग करावे. उत्तर आले तर केबल, स्विच, वायफाय हा सारा रस्ता ठीक आहे आणि दोष राउटरच्या पत्ते वाटण्याच्या सोयीत किंवा संगणकाच्या मागणीत आहे. उत्तर आले नाही तर दोष रस्त्यात आहे आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचे कारण नाही. चाचणी संपताच संगणक पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवावा. ही शेवटची कृती विसरली गेल्यामुळे निर्माण झालेले दोष मी जितके पाहिले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने झालेले पाहिलेले नाहीत.

रस्ता ठीक निघाल्यास ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचे सेटिंगचे पान उघडून डीएचसीपी चालू आहे का, वाटपाचा पट्टा राउटरच्या स्वतःच्या पत्त्याच्याच गटातला आहे का आणि यादीत जागा शिल्लक आहे का, हे पाहावे. राउटरचा पत्ता कोणीतरी बदलला आणि वाटपाचा पट्टा जुन्याच गटात राहिला, अशी चूक जुन्या राउटरांवर होऊ शकते.

संगणकाच्या बाजूला पाहायचे ते थोडेच. डीएचसीपी क्लायंट ही सेवा चालू असावी, एखादी त्रयस्थ फायरवॉल किंवा व्हीपीएन मध्ये येत नसावे, आणि जुन्या कार्यालयात हाताने भरलेला पत्ता तसाच राहिलेला नसावा. विंडोजच्या सेटिंगमधील नेटवर्क रीसेट हा उपाय अगदी शेवटी वापरावा, कारण त्यात साठवलेली वायफायची नावे व हाताने केलेली मांडणी निघून जाते.

व्यवस्थापन करता येण्याजोगे मोठे स्विच असतील तर आणखी एक कारण संभवते. केबल जोडल्यावर असा स्विच वाटेत निरोप गोल गोल फिरत राहतील असा वळसा तर तयार झाला नाही ना, हे पाहण्यासाठी पोर्ट दोन टप्प्यांत १५-१५ सेकंद, म्हणजे एकूण ३० सेकंद, अडवून ठेवतो. तेवढ्यात संगणकाच्या हाका वाया जातात आणि तो १६९.२५४ वर जातो. संगणक जेथे जोडले जातात त्या पोर्टांवर पोर्टफास्ट नावाची सोय चालू केली की हे थांबते. मात्र दुसरा स्विच ज्या पोर्टला जोडला आहे तेथे ती चालू करू नये. महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेटवर्क व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचांवरील वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांत, विभागलेले असेल, तर सर्वांसाठीची हाक एका विभागातून दुसऱ्यात जात नाही, आणि पत्ते देणारा सर्व्हर दुसऱ्या विभागात असल्यास मध्ये डीएचसीपी रिले, म्हणजे ही हाक पुढे पोहोचवणारा मध्यस्थ, बसवावा लागतो. एखाद्या संपूर्ण मजल्यालाच पत्ते मिळत नसतील तर आधी तो तपासावा.

चौथी पायरी: पत्ते संपले असतील तर

नंदनवनातील अभ्यासिकेकडे परत येतो. तेथे राउटर १०० पत्ते वाटत होता आणि लीज २४ तासांची होती. दोन पाळ्यांत प्रत्येकी ४० विद्यार्थी आणि प्रत्येकाकडे एक फोन व एक लॅपटॉप, असे धरले तर दिवसाला १६० पत्त्यांची मागणी होते. सकाळी गेलेल्या ८० उपकरणांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात आणि दुपारच्या पाळीला उरतात २०. राउटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ सगळे ठीक झाल्यासारखे वाटे, कारण त्याची यादी पुसली जाई. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोष पुन्हा हजर होई.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून नोंदी मोजाव्यात आणि त्या पट्ट्याच्या आकाराशी ताडून पाहाव्यात. उपाय दोन आहेत आणि बहुधा दोन्ही मिळून करावेत. जेथे माणसे येतात-जातात तेथे लीज दोन तासांची करावी. घरी किंवा ठरावीक माणसांच्या कार्यालयात २४ तास योग्यच आहेत. आणि पट्टा मोठा करावा. २५५.२५५.२५५.० या मास्कमध्ये उपकरणांना देता येतील असे २५४ पत्ते असतात, त्यामुळे २० ते २४० असा पट्टा सहज ठेवता येतो. तेवढेही पुरत नसतील तर मास्क २५५.२५५.२५४.० करून ५१० पत्ते मिळवता येतात, मात्र तसे करताना ज्या प्रिंटर किंवा कॅमेऱ्यांवर पत्ता हाताने भरला आहे त्यांचाही मास्क बदलावा लागतो, नाहीतर नव्या अर्ध्या भागातील उपकरणांशी त्यांचे बोलणे होत नाही. अभ्यासिकेत आम्ही लीज दोन तासांवर आणली आणि पट्टा २०० च्या वर नेला; नव्या राउटरची गरज पडली नाही.

पाचवी पायरी: पत्ते देणारे दोघे असतील तर

इतवारीतील जुन्या तीनमजली वाड्यांमध्ये दुकान खाली, गोदाम मध्ये आणि घर वर, अशी रचना आढळते. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही म्हणून कोणीतरी घरात पडलेला जुना राउटर आणतो, खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (आतल्या उपकरणांसाठीच्या खाचेत) खुपसतो आणि वायफाय मिळते म्हणून समाधानी होतो. पण त्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय चालूच असते. आता खालच्या दुकानातील संगणकाची हाक दोघांनाही ऐकू जाते आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. बिलिंगचा मुख्य संगणक १९२.१६८.१.१० वर, आणि दुसऱ्या काउंटरला मिळाला १९२.१६८.०.१०३, मग बिल निघत नाही आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो. सकाळी चालते आणि संध्याकाळी चालत नाही, एका काउंटरला चालते आणि दुसऱ्याला नाही, असा लहरीपणा दिसला की या कारणाचा विचार आधी करावा.

ओळख पटवणे कठीण नाही. बिघडलेल्या संगणकावर आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएचसीपी सर्व्हर ही ओळ पाहावी. तेथे मुख्य राउटरचा नसलेला पत्ता दिसला तर आगंतुक सापडला. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की बहुधा त्या राउटरचे लॉगिनचे पान उघडते आणि त्यावर नमुन्याचे नाव असते. एआरपी -ए दिल्यावर त्याचा मॅक पत्ता मिळतो. मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग सहसा उत्पादकाला नेमून दिलेला असतो, त्यावरून कोणत्या कंपनीचे खोके शोधायचे ते कळते. ते ठेवले कोठे आहे हे तरीही कळत नसेल, तर त्या पत्त्याला पिंग -टी या आज्ञेने सतत पिंग चालू ठेवून मुख्य स्विचमधील केबली एकेक करून काढाव्यात. ज्या केबलीने उत्तरे थांबतात तिच्या दुसऱ्या टोकाला ते खोके असते. हे काम दुकान बंद झाल्यावर करावे.

दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच असेल तर ओळख अवघड होते, कारण पडद्यावर सगळे योग्यच दिसते. अशा वेळी थोड्या थोड्या वेळाने एआरपी -ए देऊन गेटवेसमोरचा मॅक पत्ता बदलतो का ते पाहावे. तो बदलत असेल तर गेटवेच्या नावाने दोघे बोलत आहेत. फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारे खोकेही आता स्वतः राउटर असते आणि पत्ते वाटते, हे मनीषनगरसारख्या नव्या वस्त्यांमधील सदनिकांत फार वेळा विसरले जाते.

दुरुस्ती अशी करावी. जुन्या राउटरला नेटवर्कपासून वेगळे करून एका लॅपटॉपला जोडावे, त्याची डीएचसीपीची सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या गटात पण वाटपाच्या पट्ट्याबाहेर, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, असा ठेवावा आणि मगच लॅन पोर्टातून पुन्हा जोडावे. अॅक्सेस पॉइंट (पत्ते न वाटता फक्त वायफाय देण्याची) नावाची सोय त्यात असेल तर ती निवडल्यावर यातील बरेचसे आपोआप होते. दुसरा राउटर त्याच्या वॅन (बाहेरच्या जोडणीसाठीच्या) पोर्टातून जोडून स्वतंत्र गट चालवायचा असेल, तर दोन्ही बाजूंचे गट वेगळे असले पाहिजेत; आत आणि बाहेर दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर राउटरला निरोप कोणत्या दिशेला पाठवायचा हेच ठरवता येत नाही. मोठ्या कार्यालयात डीएचसीपी स्नूपिंग ही स्विचमधील सोय चालू करावी, म्हणजे नेमून दिलेल्या पोर्टखेरीज कोठूनही आलेले पत्त्याचे उत्तर स्विच पुढे जाऊ देत नाही.

सहावी पायरी: एक पत्ता, दोन धनी

धंतोलीतील एका दवाखान्यात रोज सकाळी प्रिंटर चालत नसे आणि दुपारी आपोआप चालू होई. प्रिंटरवर कोणीतरी १९२.१६८.१.१०५ हा पत्ता हाताने भरला होता आणि राउटरचा वाटपाचा पट्टा १०० पासून सुरू होत होता. रात्री प्रिंटर बंद असताना १०५ मोकळा दिसे आणि सकाळी सर्वांत आधी येणाऱ्याच्या फोनला तो दिला जाई. मग प्रिंटर चालू झाला की दोघांची टक्कर होई. तो फोन घेऊन त्याचा मालक बाहेर पडला, की प्रिंटर सुधारे. कागद, शाई आणि ड्रायव्हर यांवर त्यांचा महिनाभर खर्च झाला होता, आणि याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण प्रिंटर बंद ठेवून दुसऱ्या संगणकावरून १०५ ला पिंग केले असते आणि एआरपी -ए पाहिले असते, तर तेथे प्रिंटरखेरीज कोणीतरी आहे हे दोन मिनिटांत कळले असते.

हाताने भरलेला पत्ता नेहमी वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा असावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आरक्षण: प्रिंटर, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र, बिलिंगचा संगणक यांना आपोआप पत्ता घेण्यावर ठेवून राउटरच्या पानावर त्यांच्या मॅक पत्त्यासमोर ठरावीक आयपी पत्ता नोंदवावा. मग राउटर बदलला किंवा गट बदलला तरी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बटणे दाबावी लागत नाहीत. फोनसाठी आरक्षण करताना मात्र काळजी घ्यावी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायच्या प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता न सांगता बनावट सांगतो. असा पत्ता ओळखण्याची खूण म्हणजे त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. आरक्षण टिकवायचे असेल तर त्या फोनवर त्या एका नेटवर्कपुरता खरा मॅक पत्ता वापरण्याचा पर्याय निवडावा.

टक्करीचे आणखी एक कारण आपल्या उन्हाळ्याशी जोडलेले आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की घरोघरी कूलर व एसी चालतात, वीज लपकते, आणि इन्व्हर्टरवर नसलेला राउटर दिवसातून अनेकदा स्वतःच बंद-चालू होतो. अनेक घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्यामुळे चालू झाल्यावर त्यांना आधीचे वाटप आठवत नाही. लॅपटॉप व फोन मात्र आपापले पत्ते धरून बसलेले असतात, आणि जे झोपेत आहेत ते विचारणा झाली तरी उत्तर देत नाहीत. मग तोच पत्ता नव्याने आलेल्याला दिला जातो. संध्याकाळी वीज स्थिरावल्यावर टकरींच्या तक्रारी येत असतील, तर राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा किंवा त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. लावण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअर वाचावेत. राउटर टिनाच्या शेडखाली माळ्यावर ठेवलेला असेल तर तो खाली आणावा, कारण तेथील उष्णतेने तो गोठतो आणि मुदतवाढीच्या मागण्यांना उत्तर देत नाही.

इतके करूनही उलगडा झाला नाही तर

एका लॅपटॉपवर वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे, गाळणीच्या चौकटीत डीएचसीपी हा शब्द टाइप करावा आणि त्याच लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग /रिलीज व /रिन्यू द्यावे. पडद्यावर ते चार निरोप क्रमाने उमटले पाहिजेत. नुसती हाकच पुन्हा पुन्हा दिसत असेल तर उत्तर देणारा नाही किंवा त्याचे उत्तर येथवर पोहोचत नाही. एका हाकेला दोन वेगवेगळ्या सर्व्हरांकडून पत्ते देऊ केलेले दिसले तर पाचव्या पायरीकडे वळावे. मागणीनंतर मान्यतेऐवजी नकार आला असेल, तर उपकरण आधीच्या नेटवर्कमधील जुना पत्ता मागत आहे. एकदाच आलेला नकार दोष नसतो, कारण त्यानंतर उपकरण नव्याने सुरुवात करते. आणि मान्यता मिळाल्यावर उपकरणानेच पत्ता नाकारल्याचा निरोप दिसला, तर तो पत्ता आधीच कोणाकडे तरी असल्याचे त्याला कळले आहे.

दोष मिळाल्यावर राउटरजवळ भिंतीवर एक कागद चिकटवावा. त्यावर राउटरचा पत्ता, वाटपाचा पट्टा, लीजची मुदत, आणि प्रत्येक ठरावीक पत्त्यासमोर यंत्राचे नाव, मॅक पत्ता व ते कोणत्या खोलीत आहे, हे पेनाने लिहावे. मी १ ते १९ हे क्रमांक राउटर व वायफायच्या खोक्यांसाठी, २० ते ४९ प्रिंटर, कॅमेरे व यंत्रांसाठी, ५० ते २३९ वाटपासाठी आणि २४० च्या पुढचे चाचणीसाठी मोकळे ठेवतो. म्हणजे रात्री नऊ वाजता फोन आला तरी २५० हा पत्ता भरून गेटवेला पिंग करा, असे डोळे मिटून सांगता येते.